अंजुमनच्या दारात

"चूळ भर. थुक."

शेजारच्या भूम गावातल्या वखारीच्या दारात जमादार रोज सांजंला एवढंच बोलायचा. दारात काळी फरशी. आमी बाया रांगंत. दिसभर व्यापाऱ्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, बोटांची सालटी निघायची. सुटताना जमादार वंजळीत पाणी वतायचा. वरून, लांबून. आमी महारवाड्यातल्या, शिवता कामा न्हाय. चूळ भरायची, फरशीवर थुकायची. थुकी पांढरी निघाली की बाईनं दाणे खाल्ले. बाई चोर. मजुरी बुडाली.

दिसभर घशाला कोरड. पाणी मागितलं तर म्हणायचा, "नदीला जा." चोर धरायला मात्र पाणी व्हतं.

माझ्या सासूला म्या आत्याबाई म्हणायचे. त्यांच्या तोंडात एक बी दात न्हवता. तरी रोज चूळ. एक दिवस त्यांची थुकी पांढरी निघाली. दुपारी कुणाकडून मागून आणलेलं ताक पिलेल्या.

"ताक हाय बाबा, ताक. दाणे चावायला दातं कुठं हाईत मला?"

जमादारानं टरफलाची पाटी उचलली आन् त्यांच्या डोक्यावर पालथी केली. मुनीम हसला. रांगेतल्या दोघी बी हसल्या. भेवून.

वाटंनं म्या त्यांच्या केसांतली टरफलं काढत व्हते. आत्याबाई म्हणल्या, "गप ऱ्हा. उद्या काम पायजे न्हवं?"

पायजे व्हतं. तेच तर व्हतं. दुसऱ्या दिशी परत रांगंत हुबं ऱ्हायलो.

निजामाचं राज्य. तिकडं इंग्रज-जर्मनाची लढाई चाललेली, तेलाला भाव आलेला. आमच्या गावच्या मास्तरनं अंजुमन काढली. सहकारी सोसायटीला तवा अंजुमनच म्हणायचे, कागद सगळा उर्दूत. मास्तर आमच्या वाड्यात आले. हुबं ऱ्हाऊनच बोलले, पर आले.

"दलाल नको. शेतकऱ्यांनी माल एका जागी आणायचा, गावातच फोडायचा, आपणच विकायचा. तुम्हाला गावात काम मिळंल. इज्जतीचं काम. ही अंजुमन तुमची बी हाय."

इज्जत. हा शब्द आमच्या वाड्यात येऊन कुणी बोललं न्हवतं.

आमी बायांनी दगड वाहिले. माती तुडवली. अंजुमनच्या शेडच्या भिंती शेणामातीनं लिंपल्या. मजुरी मागितली न्हाय. आपल्याच घराला कुणी मजुरी मागतं व्हय?

शेडमधला कामाचा पहिला दिवस चांगला गेला. सावली व्हती. कुणी खेकसलं न्हाय. सांजंला बाहेर निघालो, तर दारात फरशी. नवी. काळी. बाजूला देशमुखाचा गडी घागर घेऊन हुबा. देशमुख म्हंजी गावचे मोठे जमीनदार, अंजुमनचे सदर, म्हंजी अध्यक्ष. तिथंच हुबं ऱ्हाऊन शेंगा सोलून खात व्हते.

"हे काय, मास्तर?" म्या विचारलं.

मास्तर चष्मा पुसाय लागले. "कमिटीनं ठरवलंय. मालाची राखण नको का?"

"ठरवताना आमाला कुणी विचारलं?"

सदर हसले. "तुला? ज्याची जमीन त्याचा हिस्सा. तू सभासद हाईस का?"

"मग आमची अंजुमन म्हणून भिंती का लिंपून घेतल्या?"

सदरांनी गड्याला खूण केली. गडी म्हणला, "चूळ भर. थुक."

म्या वंजळ केली. त्यानं पाणी वतलं. तोंडात घेतलं. गिळलं.

"अजून वत. तहान लागलीय."

गड्याला काय कळंना. त्यानं परत वतलं. म्या परत पिले. पोटभर. मग देशमुखाकडं बघितलं.

"आता तुमी भरा चूळ, मालक. मगापासून खायलाव तुमी."

त्यांचा हात तोंडाजवळच थांबला. "उद्यापासून येऊ नको."

"न्हाय येत."

माझ्या मागं आत्याबाई. त्यांनी बी वंजळ केली. पाणी पिल्या. पदरानं तोंड पुसलं आन् चालाय लागल्या. त्यांच्या मागं बाकीच्या. फरशी कोरडीच ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी एक बी बाई कामाला गेली न्हाय. तिसऱ्या दिशी बी न्हाय. शेंगांचा ढीग वाढत चालला. सोलापूरचा तेलवाला दाण्यासाठी निरोपावर निरोप धाडत व्हता. देशमुखाच्या घरच्या बाया काय शेंगा फोडणार न्हवत्या. शेवटी मास्तर वाड्यात आले. फरशी उखडली म्हणले. पाण्याचा माठ ठिवतो म्हणले. ठिवला. आमच्यासाठी वेगळा. आमी परत कामाला गेलो.

खोटं कशाला बोलू? काम बरं व्हतं. बाजाराच्या बाजाराला मजुरी हातात. आत्याबाईला दोन टायमाला भाकरी मिळाय लागली. म्हणून तर जास्त डोकं फिरायचं. एवढं व्हतंय, तर पुरतं का व्हत न्हाय? म्या मास्तरला म्हणले, "जमीन न्हाय आमाला. हात हाईत. हातांचा हिस्सा धरा, आमाला सभासद करा."

"दमानं घ्या बाई. हळूहळू व्हईल."

हळूहळू. ज्याचं पोट भरलंय त्याला हा शब्द लई गोड लागतो.

सालाची सभा आली. ती ठिवली मारुतीच्या देवळात. शेड मोकळी पडलेली, तरी देवळात. आमाला पायरी चढता येत न्हाय, हे सगळ्यांना ठावं व्हतं. नफ्याचं काय करायचं, ते आत ठरत व्हतं. नफा केलेल्या बाया बाहेर. उन्हात.

आत्याबाई म्हणल्या, "पाय दुखायलेत गं." आन् देवळाच्या पायरीवर बसल्या.

आत एकदम गलका झाला. "उठव तिला! पायरी बाटवली!" मास्तर पळत दारात आले, हात जोडले. "बाई, उठा. सगळं मोडंल."

"मोडू द्या," म्या म्हणले. आन् आत्याबाईच्या शेजारी बसले. मग बाकीच्या बसल्या. पायरी भरून गेली.

सभा संपली. लोक अंग चोरून, कडंकडंनं उतरले. एकजण माझ्या पदरावर थुकला. म्या उठले न्हाय.

तिथूनच मास्तरला म्हणले, "पुढच्या सभेला पायरीवर बी बसणार न्हाय. आत बसणार. सभासद म्हणून. तवर ह्या गावात आमच्या हातानं एक बी शेंग फुटणार न्हाय."