अण्णांची परात

अण्णांसमोर केर टाकायची सोय नव्हती. सुपलीतला कचरा आधी बोटांनी चाळत. "ह्यात काय न्हाई असं कुनी सांगितलं?" अण्णा म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरचे झारेकरी. सोनारांच्या दुकानांतली धूळ आणि घाटावरची चितेची राख धुऊन सोन्याचे कण काढायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ते आयर्लंडमध्ये विक्लोला आमच्याकडे आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. गुडघ्यांमुळे सासूबाई कोल्हापुरातच राहिल्या होत्या. पुढे विमानं सुरू झाली, तेव्हा अण्णांच्या हृदयाचं कारण काढून आम्हीच त्यांना थांबवून घेतलं. ते मला अजून खुपतं.

डोंगरातून उतरणारी छोटीशी गोल्ड माइन्स नदी लॉकडाऊनने आखून दिलेल्या आमच्या पाच किलोमीटरच्या हद्दीत येत होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वी तिथे सोनं सापडलं आणि माणसं कापणी टाकून रेती धुवायला धावली. काही आठवड्यांत सैन्याने त्यांना हुसकलं. हे मी बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी माझी कणकेची परात गायब.

मग शेजारची नोरा रोज सांगायची, "युअर मॅन नदीवर गेलाय." इथे कुठल्याही पुरुषाला असंच म्हणतात, हे कळत असूनही मी दरवेळी सांगे, माझा मॅन वरच्या खोलीत काम करतोय, हे सासरे.

अण्णांना नदीवर ती जुनी माणसं ऐकू येत. "रांगंनं बसल्यात, सूनबाई. परात खरडत्यात. अर्ध्यावर उठवलं न्हवं त्यास्नी." स्वतः मात्र उठताना परात पालथी घालत. उताणी परात म्हणजे काम बाकी.

पुढच्या एप्रिलमध्ये सासूबाई कोविडने गेल्या. पुतण्याचा फोन आला, तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, "तोंडात सोन्याचा मनी घातला का?" कुणाला जवळच जाऊ दिलं नव्हतं.

"लोकांच्या तोंडातलं राखंतनं काढून खाल्लं म्या," ते म्हणाले. "तिच्या वक्ताला कुटनं ऱ्हाईल?"

तेराव्या दिवशी त्यांना खसखशीएवढा कण सापडला. मी सोबत होते. त्यांनी तो बोटाच्या टोकावर घेतला, "घे गं" म्हणाले आणि प्रवाहात सोडला. त्या दिवशी परात काठावर उताणीच राहिली.

शरदात ते कोल्हापूरला परत गेले. निघताना म्हणाले, "परात हलवू नगंस. कुनाला तरी लागंल." डिसेंबरात झोपेतच गेले.

त्यानंतर आठवड्याभराने नोराने कुंपणापलीकडून विचारलं, "युअर मॅन परत आलाय का? नदीवर खरडल्याचा आवाज येतो."

या वेळी मी तिला दुरुस्त केलं नाही.