पन्नासची लेन्स आणि नवरीचे मामा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सने संध्याकाळी फोटो काढला की माणसं शेवाळलेली दिसायची. म्हणून मेहुणीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरताच मी नवी लेन्स घ्यायचा हट्ट धरला. परवडणाऱ्या दोनच होत्या, पस्तीस मिलिमीटरची आणि पन्नासची. पन्नासची जास्त स्वस्त, कमी उजेडातही चालणारी, आणि चेहऱ्यामागचं सगळं धूसर, लोण्यासारखं मऊ करणारी. हिला झूम नाही, लांब-जवळ आपणच व्हायचं, एवढं नारायणगावच्या दुकानदाराने सांगितलं होतं. घरी बायकोने लेन्स फिरवून पाहिली. पैसे देऊन झूम घालवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

मग तिने अट घातली. बाकी फुलं-पानं कितीही काढा, पण नवरीच्या मागे उभ्या असलेल्या माझ्या भावाचा एक फोटो हवा म्हणजे हवा, असं ती म्हणाली.

त्याला कारण होतं. माझे हे मेहुणे महाळुंगे पडवळचे, बागायतदार आणि महारागीट. नवरीच्या आईने थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत नाव बारीक अक्षरात छापलं म्हणून चार वर्षं ते त्या बहिणीच्या घराचा उंबरा चढले नव्हते. आता दोघी बहिणींनी हातापाया पडून त्यांना निरगुडसरच्या मांडवात आणलं होतं. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी उभं राहायचा मान मामाचा. त्यात काही कमीजास्त झालं असतं, तर या माणसाने उरलेला जन्म अबोल्यात काढला असता.

मुहूर्त गोरजाचा होता. पण आशीर्वाद द्यायला पुढारी इतके की सूर्य कंटाळून मावळला. उजेड पुरावा म्हणून मी लेन्स पूर्ण उघडी ठेवली. नवरी चौकटीत मावेना, म्हणून मागे सरकत गेलो आणि खुर्चीतल्या एका आजीबाईंच्या मांडीवर बसलो. आधी सांगितलं असतं तर सरकले असते, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

अक्षता पडल्यावर मी स्क्रीनवर पाहिलं. नवरीची पापणी न् पापणी मोजून घ्यावी. तिच्या मागे गुलाबी फेटा, आणि फेट्याखाली चेहऱ्याच्या जागी पिठलं. अकराच्या अकरा फोटोंत पिठलंच. आमच्याकडे लग्नात मागे झाडंझुडपं नसतात, मानाची माणसं असतात, हे त्या दुकानातच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. बायकोने पाहिलं आणि एक शब्द बोलली नाही. मला ती बोललेली परवडते.

तेवढ्यात मेहुणेच आले. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ बघत राहिले. मी खरं ते सांगून टाकलं, की चूक माझी, लेन्स नवी, तुमचा चेहरा आलाच नाही. बायकोने त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"दाजी, ह्योच मोठा करून द्या," ते हळूच म्हणाले. "चार वर्षांत पोर केवढी झाली, मला ठावंच नव्हतं. मी लई रडत व्हतो. लोकांना दिसलं न्हाई, बरं झालं."

ते ऐकून बायको रडायला लागली. कॅमेरा त्यांच्याच हातात होता, आणि मी तो मागितला नाही.