धुऱ्यावरची घागर

“उतर! उतर धुऱ्यावरून! उतर म्हनते ना तुले!”

ओरडणारी बाई साठीच्या पुढची, हातात विळा, आणि आवाज असा की बाभळीवरचे होले त्या दिवशी उडाले ते थेट जिल्हा बदलून बसले. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांच्या मधल्या बांधावर, आमचे कंडक्टर काकाजी उभे. एका हातात कागद चिकटवून केलेला चादरीएवढा नकाशा, दुसऱ्या हातात मातीची कोरी घागर. मी काकाजींच्या मागे. मुद्दामच मागे. विळा पुढून येत होता.

काकाजींनी काय करावं? डोक्यावरची नसलेली दोरी एकदा ओढली, तोंडाने ‘टिंग’ म्हणाले आणि शांतपणे बोलले, “बाई, जरा मागं सरका. तुमी माह्या पणजीच्या चुलीवर उभ्या हाय.”

आता मंडळी, तुम्ही रिसोड-मालेगाव गाडीने कधी गेला असाल तर हा माणूस तुम्ही पाहिला आहे. पाहिला नसेल तर ऐकला नक्की आहे. त्याने केनवडला “पुढं सरका” म्हटलं की किन्हीराजाच्या थांब्यावरचे लोक एक पाऊल पुढे सरकायचे. घंटीची दोरी ओढून ओढून हात तसाच वळला होता. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. सुनेने वरण वाढताना बास म्हणायचं तरी हात वर, टिंग. लग्नात अक्षता पडल्या की टिंग टिंग, चला जेवायला.

निवृत्त झाल्यावर हा माणूस माझ्या दुकानात येऊन बसला तो उठलाच नाही. माझं दुकान शिरपूरच्या स्टँडाजवळ. सातबारा, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. जैन मंदिराची वाट विचारायला यात्रेकरू यायचे, तर मी तोंड उघडायच्या आत काकाजी वाट सांगून, वर त्यांचा आजा कोणत्या गावचा ते विचारून मोकळे. माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच. सांगता आलं नाही की काकाजी अशा नजरेने बघायचे, जसा तो बिनतिकीट सापडला.

पण खरी गोष्ट अशी होती, की घरातलंच एक तिकीट फाटायचं राहिलं होतं.

आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने घागरी भरतात. एकेक नाव घ्यायचं आणि घागर ठेवायची. काकाजी लहान असताना त्यांचे वडील म्हणायचे, ही आज्याची, ही आजीची, ही पणज्याची. शेवटच्या घागरीपाशी आले की आवाज खाली यायचा. “आन् हे... जे कोन असन ते.”

ती पणजी. गावात मरीची साथ आली, नवरा गेला, गावच उठलं, तेव्हा तान्हं पोर टोपलीत घेऊन ही बाई चालत किन्हीराजाला आली. टोपलीतलं पोर म्हणजे काकाजींचा आजा. पणज्याचं नाव आज्याच्या नावापुढे चिकटून टिकलं. पणजीचं नाव घ्यायला कोणी उरलंच नाही.

“पुऱ्या नोकरीत एक मानूस बिनतिकीट बसू देला नाई म्या,” काकाजी म्हणायचे, “आन् माही पणजी दरसाली बिनतिकीट! नावच नाई तं पानी तिले पोचते का दुसऱ्याच कोनाले, काय गॅरंटी?”

म्हणून संगणक. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची पानं स्कॅन करून ऑनलाइन टाकलेली आहेत हे मी त्यांना सांगितलं, आणि माझी आयुष्यभराची शांतता संपली. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की समोरच्या हॉटेलात तुरीची डाळ निवडून, शिजून, तिचं वरण होऊन ते संपायचं. काकाजी पडद्यावर ओरडायचे, “मागं सरका! अजून मागं! एक पिढी मागं!” ज्या माणसाने जन्मभर लोकांना पुढे ढकललं, तो आता सगळ्या तालुक्याला मागे ढकलत होता. गिऱ्हाईकं आपापले सातबारे विसरून काकाजींची पणजी शोधायला लागली. एका नवरदेवाने लग्नपत्रिकेसाठी फोटो काढता काढता मान वळवून विचारलं, “सापडली का हो?” त्या पत्रिकेतला नवरदेव अजून तिरकाच आहे.

पणजा सापडला. उंदराने कुरतडलेल्या पानावर, पण नावासकट. काकाजींनी हात वर नेला, दोरी ओढणार, तेवढ्यात मी पुढची ओळ वाचली. ‘मागे औरत एक, पोर एक.’

बस. एवढंच.

हा माणूस गप्प झाला की दुकानातला पंखा ऐकू यायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग काकाजी हळूच म्हणाले, “म्हस असती तं रंग तरी लिवला असता, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी हजर. “नाव नाई तं नाई. पत्ता काढ. पार्सल पत्त्यावर बी पोचते.”

पत्ता म्हणजे ते उठलेलं गाव. अशा ओसाड गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. आजच्या कुठल्याच यादीत ते नव्हतं. सापडलं इंग्रजांच्या काळच्या एका नकाशात, तोही ऑनलाइनच मिळाला. माशी बसावी एवढा ठिपका, शेजारी बारीक अक्षरात ‘उजाड’. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या निम्मा तालुका तिथे टेप घेऊन उभा राहील.

मग नकाशा छापला, चिकटवला, मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून पाहिला. काकाजी अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नव्हते. “केनवडपासून हाफ तिकिटाचं अंतर,” म्हणायचे. पहिल्या खेपेला आम्ही नकाशा उलटा धरला आणि एका लग्नाच्या मांडवात शिरलो. जेवूनच परत आलो. वाढपी म्हणाला, “मुलीकडचे का?” काकाजी म्हणाले, “तपास चालू हाय.”

दुसऱ्या खेपेला बरोब्बर अखजीच्या दिवशी त्या धुऱ्यावर पोचलो, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

इथे बाईची बाजूही समजून घ्या. आमच्याकडे सख्खे भाऊ एका ताटात जेवतील, पण धुरा वीतभर सरकला तर नातवंडंसुद्धा एकमेकांच्या बारशाला जाणार नाहीत. आणि नकाशा घेऊन धुऱ्यावर उभा राहिलेला माणूस दुसरं करणार काय? बाईची खात्री, की शेजाऱ्याने मोजणीवाला पाठवला.

“घागर पुरून हद्दीची निशानी करून राह्यला काय? माह्या डोळ्यादेखत?”

“गाव होतं इथं, बाई. हे पाहा नकाशात.”

“आता गाव होतं म्हनते! उद्या म्हनशीन माहं घर होतं, खाली कर वावर!”

मी काकाजींच्या आणखी मागे. काकाजींनी मग एक गोष्ट केली, जी त्यांनी कधी केली नव्हती. नकाशा घडी न करता खाली ठेवला आणि आवाज उतरवला. “मले जागा नको. घोटभर पानी ठेवाचं हाय. पणजी राहे माही इथं. नाव बी मालूम नाई तिचं.”

बाईने विळा खाली केला. कपाळाचा घाम पुसला. मग धुऱ्याच्या कडेला असलेल्या काळ्या गोट्याकडे हनुवटी केली. “नांगराले दरसाली खापरं लागते इथं. तो गोटा बी चुलीचाच व्हय, जळेल हाय एका अंगानं. मीच काढून टाकला धुऱ्यावर.”

काकाजी त्या गोट्यापाशी बसले. हात लावला. घागर ठेवली. मग आमच्या तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“रिकामी आनली काय रे, शहान्या?” बाई काकाजींवर कडाडली.

एवढी पिढ्यांची चौकशी, एवढे नकाशे, आणि मातीच्या घागरीत पाण्याचा थेंब नाही! बाईने तिच्या विहिरीचं पाणी आणलं आणि भरताना जिल्हाभराच्या पुरुषांची अक्कल काढली. काकाजी घागरीवर हात ठेवून पुटपुटायला लागले, “आन् हे...” पुढे गाडी सरकेना. तसेच उठले. दोरी ओढायला हात वर गेला आणि तसाच खाली आला.

त्यानंतर दर अखजीला आम्ही जायचो. बाई लांबूनच ओरडायची, “आला काय धुऱ्यावाला?” दोघं भांडायची, चिंचोणी, म्हणजे चिंचेचं पन्हं, प्यायची, परत भांडायची. तिने त्यांचं नाव कधी विचारलं नाही. आणि भेटेल त्याचा आजा विचारणाऱ्या या माणसाने आपलं नाव तिला कधी सांगितलंही नाही. निघताना मला मात्र दरवेळी म्हणायचे, “येत्या अखजीपावतर सापडते पाहा पणजीचं नाव. अजून लय पानं बाकी हाय.”

पानं अजून बाकीच आहेत. काकाजी मागच्या हिवाळ्यात गेले. माझ्या दुकानातली ती खुर्ची मी हलवलेली नाही. गिऱ्हाईकही तिच्यावर बसत नाही, उभं राहून फॉर्म भरतं.

या अखजीला मी एकटाच गेलो. घागर भरून नेली, तेवढं शिकलो होतो. धुऱ्यावर पाहिलं तर काळ्या गोट्यापाशी दोन घागरी आधीच ठेवलेल्या. बाई निंबाखाली बसलेली. ओरडली नाही.

“मावशी, काकाजी गेले.”

“मालूम हाय. गाडीत आयकलं, पणजी शोधनारा कंडक्टर गेला म्हने.”

“ही पणजीची. ही दुसरी?”

“त्याची.”

मला काकाजींची काळजी वाटली. बिनतिकीट त्यांना चाललं नसतं. मी तिथेच उभं राहून त्यांचं नाव सांगितलं. नाव, बापाचं, आज्याचं, पणज्याचं, आडनाव, सगळं ओळीने, मोठ्याने, जसं आम्ही पडद्यावर शोधलं होतं तसं.

बाईने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने वारा घेत म्हणाली,

“मी तं ‘धुऱ्यावाला’ म्हनूनच भरली. पेऊन गेला असन.”