ती गाडी आमची नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—कोण जाणे.

तेव्हा मी अर्जुनी मोरगावला रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक होतो. थंडीतली सकाळ. केशोरीहून फोन आला—म्हाताऱ्याच्या छातीत कळ, दरदरून घाम, डावा हात जड. हार्ट अटॅकच. चघळायला द्यायची गोळी, ऑक्सिजन, शॉकचं यंत्र, सगळं गाडीत होतं. फक्त पोहोचायचं होतं.

जंगलात धुकं इतकं की रस्ता दिसेना. तिथल्या एका वळणाबद्दल आमचा ड्रायव्हर गजानन सांगायचा—माणूस उभा असतो, हात करतो, थांबलं की नसतोच. मी हसायचो. त्या सकाळी वळणावर खरंच कुणी उभं होतं. डोक्यावरून पांढरी शाल. हात करत होतं.

"थांबू का जी?" गजाननचा आवाज चिरकला.

"नको. चाल."

मी म्हणालो. मीच.

आणि पुढे जाताना—कसं सांगू?—त्याच्या पायाशी घोंगडीत कुणीतरी पडलेलं दिसलं. घोंगडीतून एक हात हळूहळू वर आला, आणि तसाच राहिला. भुताला थंडी वाजते का? मला तेव्हाच कळलं होतं. तरी तोंडातून 'थांब' निघालं नाही.

केशोरीत घर सताड उघडं. चुलीत विस्तव. म्हातारी म्हणाली, "पोरगा फटफटीवर घेऊन गेला ना जी तेले, तुमच्याकडंच. रस्त्यात नाई भेटले?"

उलटे फिरलो. वळणावर बंद पडलेली फटफटी. मुलगा, देवाजी, बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. अंग अजून कोमट. नाडी नव्हती.

"आत्ताच एक गाडी गेली जी. धुक्यात नुसते दिवे दिसले. म्या हात केला. काऊन नाई थांबली?"

"ती आमची नव्हती," मी म्हणालो.

गजाननने मान फिरवली. मी यंत्र लावलं, यंत्रानेच शॉक नाकारला—ठोकाच उरला नव्हता. तरी अर्जुनीपर्यंत मी छाती दाबत राहिलो. कुणासाठी? म्हाताऱ्यासाठी, की देवाजी बघत होता म्हणून?

देवाजी अजून बाजारात भेटतो. सोबतच्यांना सांगतो, "या भाऊनं माह्या बापासाठी खूप जीव तोडला." मग आग्रहानं चहा पाजतो.

मी पितो.