चार काळ्या तारा

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. कुठलंही पॅनल पहिल्यांदा चालू करताना स्विचवर हात असलेला माणूस विचारतो, "चालू?" आणि दुसरा, जो तारा बघत असतो, तो म्हणतो, "चालू." मग स्विच फिरतो. मी नोकरीला लागल्यापासून हा दुसरा माणूस बहुतेक वेळा मीच असते, आणि मी कधीच "चालू" म्हटलं नव्हतं. मी मान हलवायचे. माझ्या सीनियरनी, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते चालवून घेतलं होतं. "कॉन्व्हेंटची मुलगी. आवाज शाळेनं ठेवून घेतला," असं ते साइटवर सांगायचे. पुढे पुढे तर ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. विचारायचे, माझी मान हलली असेल असं धरायचे आणि स्विच फिरवायचे.

घाटकोपरच्या एका छोट्या रक्तपेढीत काम होतं. वीज गेल्यावर रक्ताच्या पिशव्यांचा फ्रिज ज्या चार बॅटऱ्यांवर चालतो, त्यातल्या प्रत्येकीचा व्होल्टेज डेटा लॉगरवर नोंदवायचा. कुठली मरायला लागली ते आधी कळावं म्हणून. अंधेरीच्या वर्कशॉपमध्ये दादांनी लॉगरचा डबा तयार केला होता, टेबलावर तपासलाही होता. चारही आकडे बरोबर आले होते. मी तेव्हा दुसऱ्या साइटवर होते. डबा उघडा असा पहिल्यांदा पाहिला तो इथेच.

बॅटऱ्या जिन्याखाली होत्या. दादा वाकून उभे. उजवा हात स्विचवर, डाव्या मुठीत बॅटऱ्यांकडून आलेल्या तारांची जुडी, कारण तिच्यामुळे झाकण लागत नव्हतं. दाराशी रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडम, हातात नारळ.

"आटपा हं, वर डोनर थांबलेत."

"झालंच मॅडम. ही हो म्हणाली की झालं."

मी टॉर्च डब्यात मारला. काम देखणं होतं. चार लाल तारा, प्रत्येकीला फ्यूज. चार काळ्या, मायनसच्या, आणि त्या छोट्या छोट्या लूपनं एकमेकींना जोडून एकाच टर्मिनलवर नेलेल्या. कंट्रोल पॅनलमध्ये आम्ही नेहमी असंच करतो. काळी ती कॉमन, सगळ्यांची सामाईक, हात आपोआप चालतो. प्रत्येक बॅटरीसाठी आणलेले आयसोलेटर मात्र दिसेनात. बॅटरी आणि लॉगर यांचा एकमेकांना स्पर्शही होऊ न देता फक्त आकडा पलीकडे पोचवणारे ते छोटे ठोकळे असतात. डब्यात एकही नव्हता.

मी बॅटऱ्यांकडे पाहिलं. त्या एकीमागे एक जोडलेल्या. पहिलीचा प्लस तोच दुसरीचा मायनस. म्हणजे सगळे मायनस एकत्र आले की पहिलीची दोन्ही टोकंही एकत्र आली. दुसरीची, तिसरीचीसुद्धा. म्हणजे थेट शॉर्ट. टेबलावर हे कळलंच नसतं, तिथे चारही जागी एकाच सप्लायमधून व्होल्टेज दिला असणार. इथे स्विच फिरला की त्या शेवयांएवढ्या तारा तापून लाल झाल्या असत्या. काळ्या तारांना फ्यूज नव्हता. आणि त्या दादांच्या मुठीत होत्या.

"चालू?" दादा म्हणाले.

मी मान हलवली. जोरात, नाही म्हणून.

दादा स्विचकडे बघत होते.

माझ्या डोक्यात सगळं इंग्रजीत होतं, अख्खी वाक्यं, पाठ्यपुस्तकातल्यासारखी नीट. त्यातलं एकही पुरेसं लहान नव्हतं. दादांचं मनगट वळायला लागलं.

"ए, थांब रे!"

आवाज इतका मोठा निघाला की मॅडम दचकल्या आणि नारळ चौकटीवर आपटला. फुटला नाही. दादांचा हात जागच्या जागी राहिला. त्यांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"रे? माका रे म्हणता ही!"

"सॉरी. म्हणजे, थांबा. आधी तारा सोडा."

"काय झाला काय?"

"त्या काळ्या..." पुढचं येईना. मी मीटर काढला. स्विचच्या बॅटऱ्यांकडच्या बाजूला एक टोक पहिल्या काळ्या तारेवर टेकवलं, दुसरं चौथीवर. टोक घसरत होतं. मग आकडा स्थिरावला. चाळीस.

एकमेकींना जोडायच्या तारांमध्ये चाळीस व्होल्ट म्हणजे काय, हे दादांना सांगावं लागलं नाही. ते आकड्याकडे बघत राहिले. मग मुठीकडे पाहिलं आणि ती एकेक बोट करून उघडली.

"काही गडबड आहे का?" मॅडमनी विचारलं.

"नारळ उद्या फोडू, मॅडम," दादा म्हणाले.

"आणलेला नारळ परत न्यायचा? बरं दिसतं का ते?"

"नारळच परत जातोय ना? जाऊ दे."

आम्ही रिक्षानं परत निघालो. साकीनाक्याच्या सिग्नलला दादा म्हणाले, "आयसोलेटर डब्यात बसत नव्हते, म्हणान भायेर ठेवलंय."

"मोठा डबा घेऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मोठा डबा, चार आयसोलेटर, प्रत्येक बॅटरीच्या दोन तारा आपापल्या ठोकळ्यात, शेजारणीला न शिवता. मॅडम नारळ घेऊन दाराशी. दादांचा डावा हात खिशात.

"चालू?"

मी टॉर्च फिरवला. सगळं बरोबर होतं. मान हलवली.

स्विच फिरला नाही. दादा माझ्याकडे बघत होते.

"अहो, हो म्हणतेय ना ती," मॅडम म्हणाल्या.

"मान नको. तोंडान बोल गो."

मी परत टॉर्च मारला. पुन्हा पहिल्यापासून, एकेक काळी तार बोटानं मागे नेत नेत, ती कुठे जाते ते बघत. कालपर्यंत हे मान हलवण्याआधी मी इतक्या सावकाश कधी केलं नव्हतं.

"चालू."

"आयकाक येणा नाय."

"चालू!"

दादांनी स्विच फिरवला. लॉगरच्या स्क्रीनवर आकडे आले असतील. मॅडमनी "अरे वा" म्हटल्याचं ऐकू आलं. आम्ही दोघंही तारांकडे बघत होतो.