नाक्यावर अडलेले साखरेचे हत्ती

सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या बोळात कमलम्मा राहायची. साखरेची चित्रं ओतणं हा तिचा धंदा. हत्ती, मोर, नंदी, रथ, पाळणा, सगळे सागवानी साचे तिचा नवरा गुरुसिद्धप्पा कोरायचा. पाक मात्र तिचा. दूध घालून मळी काढायची, लिंबू पिळायचं, पळीनं घोटत राहायचं आणि पाक दुधाळ दिसायला लागला की भिजवलेल्या साच्यात झटकन ओतायचा. जरा उशीर झाला की तो कढईतच बसायचा. कमलम्माचा हात कधी अडला नाही. जीभही नाही, असं बोळातल्या बायका म्हणत.

कानडी घरांतून कार्तिकातल्या गौरी पुनवेला ही चित्रं लागत. लग्न ठरलेल्या मुलीला ती सासरहून जात. ती ताटात मांडून मुली गौरीला ओवाळत, आणि आरती झाली की मोडून सगळ्यांना वाटत. हद्दीपलीकडे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, कमलम्माची गिऱ्हाइकं पुष्कळ. दरसाल पुनवेच्या पहाटे इमामसाबच्या बैलगाडीत पेट्या चढायच्या आणि नवरा-बायको बोरखडीच्या नाक्यावरून पलीकडं जायची. नाक्यावरचा म्हातारा जमादार पेटीत डोकावायचा, "मिठाई" म्हणायचा, हलकी जकात घेऊन गाडी सोडायचा.

१९३३ साली तिथं नवा दारोगा आला. तरुण, सडपातळ, बोलायला मऊ. त्यानं पेटीचं झाकण काढलं, भुशातला हत्ती उचलून उन्हाकडं धरला.

"अम्मा, ये तो शक्करइच है," तो म्हणाला.

"मिठाई हाय सायेब."

"शक्कर को हाथी बनाओ या घोडा, शक्कर तो शक्करच."

साखरेवरची जकात जड होती. ती भरली असती तर वर्षाची मेहनत नाक्यावरच राहिली असती. पण दारोगा काही लबाड नव्हता. महिन्यापूर्वीच एकानं साखरेची ढेकळं रंगवून मिठाई म्हणून नेली होती आणि पलीकडं फोडून साखरेच्या भावानं विकली होती. वरून ठपका याच्यावर आला होता. "मला कसं कळावं, अम्मा, कुठली मिठाई आणि कुठली ढेकळं?" त्यानं विचारलं. विचारणं खरंच होतं.

गुरुसिद्धप्पा भित्रा. तो बायकोच्या कानाशी लागला, "भरून टाकू या. यंदा भरू, पुढं बघू."

"यंदा साखर म्हणून लिवलं की दरसाल साखरच," कमलम्मा म्हणाली. "मग धंदा मिटला."

इमामसाब बैलांच्या पाठीवरून हात फिरवत जवळ आला. "अक्का, ओढ्याच्या अंगानं वाट हाय. गाडी काढतो की. कुणाला कळत न्हाय."

"चोरी केली की आपणच ढेकळंवाले झालो, इमामसाब."

ती पेट्यांना टेकून बसली. ऊन चढलं. मुंग्यांनी वास काढला, तसा गुरुसिद्धप्पा पेट्यांभोवती पाण्याच्या रेघा ओढत सुटला. पलीकडच्या गावात पोरी न्हाऊन, वेण्या घालून वाट बघत असणार, हे कमलम्माला दिसत होतं. मनातून ती घाबरलीच होती. आरतीची वेळ टळली तर या हत्तींना कोण विचारणार होतं?

एकाएकी ती उठली. "इमामसाब, बैल सोडा, तुमी पायीच गावात जावा. नीलव्वाला सांगा, गौर घेऊन हितं या. आरती नाक्यावर व्हईल."

नीलव्वा म्हणजे गावातल्या एका नवऱ्या मुलीची आई. मोठ्या हिमतीची बाई. दिवस मावळायच्या आत रस्त्यावर धुरळा दिसला आणि धुरळ्यातून कानडी गाणी ऐकू आली. पुढं डोक्यावर गौर घेतलेली नीलव्वा, मागं हिरव्या साड्यांतल्या पोरी, त्यांच्यामागं अख्ख्या गावच्या बायका आणि चिल्लीपिल्ली. नाक्यावरचा शिपाई काठी घेऊन उठला आणि गर्दी बघून परत बसला.

कमलम्मा दारोग्यापुढं हात जोडून उभी राहिली. "एक पेटी उघडू द्या. तुमी म्हणाल ती जकात तिच्यावर भरते. फकस्त हिच्यातल्या चित्रांचं काय हुतंय ते बघा."

दारोग्यानं मान डोलावली.

नाक्यावरच्या कडुलिंबाखाली पाट मांडला, गौर बसवली. ताटांत हत्ती, मोर, रथ उभे राहिले, मधोमध निरांजनं लागली. मावळतीच्या उन्हात साखर आतून पेटल्यासारखी दिसायला लागली. पोरींनी ओवाळलं. शेवटचं गाणं संपलं मात्र, पोरं तुटून पडली. कुणी सोंड मोडली, कुणी मोराची मान. बायकांनी रथाची चाकं एकमेकींच्या तोंडात घातली. बघता बघता पेटीत भुसा तेवढा राहिला. नीलव्वानं एक पाळणा दारोग्याच्या हातावर ठेवला. "तुमच्या घरी हलू दे, सायेब."

दारोगा लाजला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. पाळण्याचा दांडा मोडून त्यानं तोंडात टाकला आणि हसत म्हणाला, "शक्कर घर में रखते हैं, अम्मा. इसको तो किसी ने रखाच नहीं."

त्यानं उरलेल्या पेट्यांवर खडूनं स्वतः लिहिलं: मिठाई. वरच्या साहेबालाही त्यानं जसं पाहिलं तसं कळवलं. महिनाभरात हुकूम आला, आरतीची चित्रं मिठाईतच धरावीत. तो एकट्या कमलम्मापुरता नव्हता. त्या हद्दीवरच्या सगळ्या नाक्यांना लागू होता.

त्या संध्याकाळी मात्र हुकमाची वाट कोण बघत होतं? पेट्या गाडीत चढल्या, पोरींनी कमलम्माला धरून पेट्यांवर बसवलं आणि गाणी म्हणत गाडी गावात नेली. इमामसाब बैलांना हाकायचं विसरून गाण्याला ठेका धरत होता. गुरुसिद्धप्पा पुढं चालत ओरडत होता, "सरका, सरका, मिठाई येतीया!"

पुढच्या साली मागणी इतकी वाढली की बोळातल्या चार घरांत कढया चढल्या. बायकांना पाक शिकवताना कमलम्माचा घसा बसायचा. सोलापूरच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटारी दिसायला लागल्या तेव्हा तिनं नवऱ्याला मोटारीचा साचा कोरायला लावला. "गौरीपुढं मोटार?" तो चाचरला.

"का? गौरीला काय सासरी चालतच पाठवायचं व्हय?" कमलम्मा म्हणाली, आणि पाक ओतला.