गिरजाचं ट्रेनिंग

पाळणाघरात दोन ढीग कधी संपत नाहीत. एक लंगोटांचा आन् दुसरा किश्श्यांचा. लंगोट निदान धुता तरी येतात! भिलाईचा कारखाना बांधून राहिले होते तेव्हा मजूर बायांची लेकरं आमच्या टिनाच्या शेडात असत, आणि तिथं येणाऱ्या नव्या बायांना मी ट्रेनिंग द्यायची. संध्याकाळी सेक्टर दोनला घरी पोचले की नवऱ्याशी बोलायचंही त्राण नसे.

त्या खेपेला गोंदियाकडची गिरजा आली. आधी ती स्वतःच घमेली वाहायची, मान पार आखडून गेलेली. वेल्फेअरच्या बाई येऊन काम पाहणार, पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत घमेलं. "ताई, मले तिकडे धाडू नोका," रोज म्हणायची. जीव तुटायचा माझा.

*

मी सांगितलं, "लेकराशी बोलताना त्याच्याएवढं व्हा." जरा वेळानं पाहते तर गिरजा भुईवर उताणी!

"हे काय गं?"

"हे तं अजून बसत बी नाही, ताई!"

*

आंघोळीच्या वेळी मी लेकरांच्या गालावरची तीट पुसायला लावली. स्वच्छता! दुसऱ्या दिवशी निम्म्या आया फिरकल्याच नाहीत. मग गिरजा काजळाची डबी घेऊन एकेकाला तीट लावत सुटली. शेवटी मलाही लावली!

"मला कशाला गं?"

"किती वाळून राहिल्या तुमी!"

*

आगीची तालीम होती. घंटा झाली, सगळ्या बाया पोरं उचलून पळाल्या. गिरजा सगळ्यांच्या मागून आली. दोन काखांत दोन पोरं आणि डोक्यावर वरणानं भरलेलं गंज!

"अगं, आग लागली समज!"

"वाचल्यावर लेकरं खातीन काय मंग?"

*

वेल्फेअरच्या बाई आल्या, त्याच दिवशी गिरजाचा पत्ता नाही. सतरंजीवर पोरांच्या रांगेत एक मजूर बाई तान्ह्याला पाजता पाजता गाढ झोपली होती. कामावर ये म्हणून मुकादमाचा निरोप दोनदा येऊन गेला, तरी तिला जाग नाही.

"गिरजा कुठाय?" बाईंनी विचारलं.

खोटं सुचेना, म्हणून खिडकीकडे बोट केलं. बाहेर उन्हात त्या झोपलेलीचं घमेलं डोक्यावर घेऊन गिरजा चालली होती. गेली पोरीची नोकरी!

बाईंनी बाहेर पाहिलं, मग सतरंजीकडे.

"आणि हे एवढं मोठं लेकरू कोणाचं?"

"आमचंच," मी म्हणाले.

बाईंनी चपला काढून हातात घेतल्या.

"मग हळू बोला ना!"